मामांनी दिलेले गुर्दे

माझ्या सख्ख्या मामांनी मला फसवलं. बोकडाचे गुर्दे द्यायचं कबूल करून मेंढराचे गुर्दे हातावर ठेवले, आणि ते मी बारा वर्षं बोकडाचे म्हणून जगाला दाखवत राहिले. दोष कोणाचा हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आमच्या घरात गोष्ट शेवटापर्यंत पोचेतो दोष वाटून वाटून इतका पातळ होतो की कुणाच्याच ताटात दिसत नाही. दोष मामांचा आहे. अख्खा.

माझा धंदा पेशी वाढवण्याचा. जनावराच्या अवयवातल्या जिवंत पेशी सुट्या करायच्या, प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत गुलाबी पाण्यात वाढवायच्या, मग त्यांना विषाणू लावायचा आणि तो आत कसा शिरतो, आत जाऊन काय उद्योग करतो, ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघत बसायचं. साताऱ्यातल्या एका कॉलेजात माझी प्रयोगशाळा आहे. दोन खोल्या आणि एक गळका नळ. पण प्रत्येक वस्तू मी भांडून मिळवलेली आहे, त्यामुळे त्या दोन खोल्या मला राजवाड्यासारख्या वाटतात.

मला बोट धरून इथवर कुणी आणलं नाही. वडील फौजेत, वर्षातून दोनदा दिसणारे. आई सांगलीच्या मंडईत भाजीला बसायची आणि मी तिच्या शेजारी पोत्यावर बसून अभ्यास करायचे. तिचा एक नियम होता. आधी माल बघायचा, मग भाव बोलायचा. त्यातला दुसरा भाग मी पहिल्यापेक्षा जास्त मन लावून शिकले. पुढे प्रयोगशाळेत आल्यावर लोक उपकरणांच्या छापील किमती देवाच्या आज्ञेसारख्या वाचतात हे बघून मला हसूच फुटलं. एकदा पुण्याचा एक विक्रेता सीरमच्या बाटल्या घेऊन आला. सीरम म्हणजे वासराच्या रक्ताचा निथळ. पेशींचं दूधच म्हणा ना. मी दोनावर एक फुकट मागितली.

तो म्हणाला, “मॅडम, ही काय भाजी आहे का?”

“भाजी असती तर तुमच्याकडून घेतलीच नसती,” मी म्हटलं, “मुदत संपायला तीन महिने राहिलेत. शिळी आहे.”

बाटली फुकट मिळाली. पेशींना ऊब द्यायचं माझं पहिलं कपाटही असंच आलं. पलूसजवळ कोंबडीची पिल्लं उबवण्याचा एक धंदा बंद पडला होता, तिथलं अंडी उबवायचं कपाट मी टेंपोत घालून साताऱ्याला आणलं. पहिले सहा महिने आमच्या प्रयोगशाळेला पिसांचा वास येत असे. विद्यार्थी नाक धरायचे. मी छाती भरून घ्यायचे.

तर बोकड.

मला अभ्यास करायचा होता देवीच्या विषाणूचा. माणसांची देवी गेली, पण शेळ्यामेंढ्यांची अजून आहे. मेंढ्यांची वेगळी, शेळ्यांची वेगळी, आणि दोघी सख्ख्या बहिणी. मेंढीची देवी शेळीच्या पेशीत शिरते का, शिरली तर टिकते का, हा माझा प्रश्न होता. विषाणू सोपा होता. लसीतला दमवलेला, निरुपद्रवी विषाणू रीतसर परवानगीने मिळत होता. अडलं होतं शेळीच्या पेशींवर. त्या मला विकतच्या नको होत्या. विकतच्या पेशी परदेशातल्या कुठल्यातरी शेळीच्या. मला हवा होता आपल्या माळावरचा, कुसळं खाऊन वाढलेला गडी. आणि असा गडी माझ्या मामांच्या दावणीला उभा होता.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कवठे महांकाळच्या बाजूला खडकाळ माळावर त्यांची वस्ती. थोडी ज्वारी, थोडी द्राक्षं आणि वीसेक शेरडं. त्या वर्षी त्यांचा मुलगा फौजेत भरती झाला होता आणि मामांनी म्हसोबाला बोकड बोलला होता. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, आणि उजवा कान विड्याच्या पानासारखा दुमडलेला. चालायला लागला की पाटील चावडीकडे निघाल्यासारखा वाटायचा. जत्रेला आठ दिवस असताना मी वस्तीवर जाऊन ठाण मांडलं.

“मामा, दोन्ही गुर्दे मला लागणार.”

“दोन्ही?” मामा म्हणाले. “आगं, गुर्द्याचा मान थोरल्या दादाचा हाय. भाजून देतो आमी त्येला.”

“थोरल्या मामांना कलेजी द्या.”

“कलेजी तुज्या मामीच्या भावाची.”

“मग मान एवढा वाटताय तर बोकड कशाला, मानच शिजवा.”

मामा खदाखदा हसले. ते हसले की समजायचं, आता खरा सौदा सुरू झाला. “बरं, गुर्दे दिले. मला काय?”

“तुमच्या सगळ्या शेरडांना देवीची लस. डॉक्टर मी आणणार, लस मी आणणार.”

“सगळ्या म्हंजी किती?”

“दावणीला असतील तेवढ्या.”

“सासुरवाडीची बी धर.”

“पलूसची कशाला?”

“मामीचं म्हायेर हाय ते. तिकडं रोग आला तर रडत कोन बसंल? मीच की! धर, धर.”

मी धरली. दोन-चार शेरडांनी मला काय फरक पडणार होता? उलट परत येताना एसटीत मला आनंदाने बसवेना. दोन गुर्दे, थोरल्याचा मान मोडून, आणि बदल्यात काय, तर जी लस मला तशीही कुणालातरी टोचून बघायची होती ती! शेजारच्या बाईला मी विनाकारण अर्धं बिस्किट दिलं.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी बोकडाची मिरवणूक निघाली. गळ्यात झेंडूचा हार, अंगावर गुलाल, पुढे हलगी. देवळासमोर त्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं. आमच्याकडे पद्धत अशी की पाणी पडल्यावर बोकडाने अंग झटकलं म्हणजे देवाने तो घेतला. नाही झटकलं तर पुन्हा पाणी, पुन्हा विनवणी. या बोकडाने पहिल्याच शिंतोड्याला असं अंग झटकलं की हलगीवाल्याच्या तोंडावर गुलाल उडाला. “घेतला! देवानं घेतला!” सगळी भावकी ओरडली. मीही ओरडले. घसा बसेपर्यंत.

सकाळी मला जाग आली तेव्हा मामा दारात उभे होते आणि हातात स्टीलचा डबा. “घे बाई, तुजा माल.” आत दोन गुर्दे, चरबी सोलून, स्वच्छ. मला भरून आलं. एवढी चरबी सोलायला किती वेळ लागला असेल! मेंढराच्या गुर्द्याला बोकडाच्या मानाने जास्त चरबी असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण समोर मामा उभे, बोकड देवाचा, आणि सौदा मी जिंकलेला. मी डबा बर्फात ठेवला आणि चहासुद्धा न घेता साताऱ्याकडे धावले. संध्याकाळी मामीचा फोन आला की रस्सा काय झाला म्हणून सांगू, तर्री अशी बोटभर आली, थोरले मामा तीनदा वाढून घेऊन म्हणाले, बोकड लय माजलेलं हुतं. ती चरबीही माझ्या डोक्यात शिरली नाही. आईचा नियम मी आनंदाच्या भरात मोडला होता. मालाकडे बघायचं राहूनच गेलं.

गुर्दा बारीक चिरला, पाचक रसात हलवून पेशी सुट्या केल्या, गुलाबी पाण्यात ठेवल्या आणि अंडी उबवायच्या कपाटात बाटल्या आडव्या मांडल्या. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाला ठिपके चिकटलेले दिसले. तिसऱ्या दिवशी ठिपक्यांनी हातपाय पसरले. आणि आठवड्याच्या शेवटी सगळा तळ भरून गेला, शेणाने सारवलेलं अंगण सकाळी दिसतं तसा, एकसंध, कुठे फट नाही. मी सूक्ष्मदर्शकासमोरून उठले आणि दोन खोल्यांत जेवढं नाचता येतं तेवढं नाचले. गळक्या नळालासुद्धा एक टाळी दिली.

अशा पेशी काही पिढ्या वाढतात आणि मग थकतात. बाटलीतून बाटलीत किती वेळा हलवलं तरी एक दिवस त्या वाढायच्या थांबतात, हे अगदी नेहमीचं. माझ्या थांबल्याच नाहीत. मी वाट बघत राहिले आणि त्या वाढत राहिल्या. वर्ष झालं, दोन झाली. अशा न थकणाऱ्या पेशी हाती लागणं म्हणजे विहीर खणताना पहिल्याच कुदळीला पाणी लागणं. मी त्यांची बारीक बारीक कुप्यांत वाटणी केली, द्रव नायट्रोजनच्या थंड टाकीत गोठवली आणि उरलेल्यांना देवीचा विषाणू लावला.

आणि इथे माझं नशीब फळफळलं, असं मला वाटलं. मेंढीचा विषाणू माझ्या शेळीच्या पेशीत नुसता शिरला नाही. माहेरी आल्यासारखा हातपाय ताणून राहिला! चार दिवसांत पेशींच्या थराला आंबोळीसारखी जाळी पडली. प्रत्येक भोक म्हणजे विषाणूने खाल्लेल्या पेशी. मी सगळं पुन्हा केलं. दहादा केलं. दर वेळी तेच. याचा अर्थ मेंढी आणि शेळी यांच्यामधली भिंत आपण समजतो त्यापेक्षा फारच ठेंगणी होती. मी निबंध लिहिला. तो छापून आला. लोकांनी पत्रं लिहिली, पेशी मागितल्या, परिषदांना बोलावलं. मी व्यासपीठावर उभी राहून सांगायचे, “विषाणूला ही पेशी परकी वाटतच नाही.” आता आठवलं की उशीत तोंड खुपसून हसते. परकी कशी वाटेल? घरचीच होती की!

गावातही बातमी पोचली. मी एकदा जत्रेत कुणाला तरी सोप्या भाषेत सांगितलं होतं की त्या बोकडाच्या पेशी साताऱ्यात अजून जिवंत आहेत आणि मरायचं नाव घेत नाहीत. पुढच्या वर्षी जाते तो देवळाच्या माइकवरून घोषणा चाललेली. “आपल्या म्हसोबाचा बोकड साताऱ्यात अमर झालाय! सायन्सवाल्यांनी बघितलाय!” आणि त्या अमर बोकडाचे मालक म्हणून पहिला नारळ फोडायचा मान मामांना. पिढ्यान्‌पिढ्या तो मान थोरल्या घराचा होता. थोरले मामा बाजूला हात बांधून उभे, आणि आमचे मामा फेटा बांधून दगडावर नारळ आपटतायत. त्यांनी माझ्याकडे वळून डोळा मारला. मला वाटलं, कौतुकाने मारला.

मागच्या पावसाळ्यात देशातल्या एका मोठ्या संस्थेने माझ्या पेशी मागितल्या. ही संस्था पेशींचे वाण जपते. आपण बियाणं जपतो तसं. एकदा तिच्या यादीत तुमचा वाण गेला की तुम्ही मेल्यानंतरही तो जगभर वापरला जातो. बारा वर्षांची माझी मजुरी पक्क्या घरात जाणार होती. मी कुपी पाठवली आणि बर्फीचं खोकं आणून सगळ्या विभागात वाटलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नेहमीप्रमाणे डीएनए तपासला; नमुना शेळीचा नाही, मेंढीचा आहे.

मी आधी प्रयोगशाळेतल्या मदतनिसावर ओरडले. मग कुरिअरवाल्यावर. मग त्या संस्थेला फोन करून तिथल्या बाईंवर. बाई शांत होत्या. “मॅडम, तुमच्याकडे मेंढीच्या दुसऱ्या पेशी आहेत का? मिसळल्या असतील.”

“माझ्या प्रयोगशाळेत मेंढीची लोकरसुद्धा नाही!”

“मग सगळ्यात जुनी कुपी तपासा.”

सगळ्यात जुनी कुपी म्हणजे जत्रेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात गोठवलेली. ती मी स्वतःच वितळवली. नमुना पुण्याला पाठवला. उत्तर आलं, मेंढी. मी खुर्चीत बसले आणि आधी रागाने लाल झाले, आणि मग, मी खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. न थांबणारं, पोट दुखवणारं हसू. मदतनीस पाणी घेऊन आला आणि दाराशीच उभा राहिला. त्याला वाटलं बाई गेल्या कामातून. पेशी पहिल्या दिवसापासून मेंढीच्या होत्या. मिसळ झाली होती ती प्रयोगशाळेत नाही, माळावर.

त्याच रविवारी मी वस्तीवर गेले. मामा ओट्यावर सुपारी कातरत होते.

“मामा, तो नवसाचा बोकड कापला होता का तुम्ही?”

“ह्यो काय प्रश्न झाला? दोनशे माणूस जेवून गेलं.”

“काय जेवून गेलं?”

“बोकड.”

“मशीन म्हणतंय मेंढरू.”

“तुजं मशीन कंच्या गावचं?” मामांनी सुपारी तोंडात टाकली. “आगं, देवानं घेतला त्यो बोकड. सगळ्या भावकीनं बघितला. अंग कसं झाडलं हुतं! देवापरीस मशीन मोठं व्हय?”

“देवाने संध्याकाळी घेतला. सकाळी काय कापलं?”

“तू लय शिकलीस, बाई,” मामा म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. स्वयंपाकघराच्या दारामागे मामीचं हसू ऐकू आलं. दाबून धरलेलं, तरी ऐकू येईल असं.

मी त्या हसण्याचा धागा धरला. मामीचं माहेर पलूसला. दुसऱ्याच दिवशी मी तिथे उतरले, चहाच्या निमित्ताने. मामीचा भाऊ भला माणूस. सोप्यात बसवलं, पोहे मागवले. मी पोह्यांचा घास घेतला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर फोटो. चकचकीत चौकट, वर चंदनाचा हार. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, उजवा कान विड्याच्या पानासारखा. गळ्यात बक्षिसाचा बिल्ला!

“हा कोण?” मी विचारलं. घास अजून तोंडातच होता.

“ह्यो? आमचा राजा!” मामीचा भाऊ खुलला. “दाजींनी दिला बीजासाठी. सात वर्सं हुता. ह्या पंचक्रोशीत एकबी शेरडी न्हाई जिच्या पोटी ह्येचं पिल्लू न्हाई. परदर्शनात पहिला आला. तुमीच तर लस दिली हुती की त्येला! तवा दाजी सोता आलं हुतं, डॉक्टरांना म्हनलं, ह्येला आधी टोचा.”

मला तो जुना सौदा आठवला. सासुरवाडीची बी धर! मामांनी ओट्यावर बसून, हसत हसत, मी त्यांना लुटत असताना, लपवायच्या बोकडाची लससुद्धा माझ्याकडून काढली होती. मंडईत वाढलेली मी. पुण्याच्या विक्रेत्यांना घाम फोडणारी मी. आयुष्यात मला एवढ्या सफाईने कुणी कापलं नाही. संतापाने माझे कान तापले, आणि त्याच वेळी टाळी वाजवावीशी वाटली. खरं सांगायचं तर वाजवलीसुद्धा. मामीच्या भावाला वाटलं, बोकडासाठी.

तिथून मी सरळ वस्तीवर. मोबाइलमधला तो फोटो मामांच्या नाकासमोर धरला. मामांनी तो बराच वेळ बघितला. मग त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला की मला क्षणभर भांडण विसरायला झालं.

“कसा दिसतोय बघ,” ते म्हणाले. “असला बोकड परत जल्माला येत न्हाई. कापायला हात उचलंना माजा. देवाला मेंढरू बी चालतंय गं. शेरडांना बोकडच लागतो.”

“मग मला का नाही सांगितलं? मी मेंढराचेही गुर्दे घेतले असते!”

“तू इचारलंस व्हय?”

“मी बोकडाचा सौदा केला होता!”

“आनि मी गुर्द्याचा. गुर्दे दिलं का न्हाई? ताजं हुतं का न्हाई?”

मी ओट्यावर पाय आपटला आणि विचारलं, मग ते मेंढरू तरी कुठलं होतं? मामी आता उघड उघड बाहेर येऊन उभी राहिली. “सांगून टाका की आता,” ती म्हणाली. “पोरीचं लय नुकसान व्हतंय.” मग माझ्याकडे वळून, “मला बी ठाव न्हाई बाई, मेंढरू कुटनं आनलं ते. पहाटं टेंपोतनं उतरलं एवढंच बघितलं मी. बोकड त्याच टेंपोत चढला.” कापणारा माणूस तेव्हाच म्हातारा होता, आता तो नाही. मुंडी-पायाचा हक्क त्याचा, म्हणून बाकी कुणी मुंडी बघितलीच नव्हती. उरले फक्त मामा.

मामांच्या मुलाला मी फोन लावला, म्हटलं निदान बापाला चार शब्द सांगेल. तो आता हवालदार आहे, कुठल्याशा बर्फात. ऐकून तो इतका हसला की फोनमध्ये घुर्रघुर्र झालं. “म्हंजी ताई, बारा वर्सं शिमेवर मी मेंढरावर काढली व्हय? मग देवाचं काय न्हाई त्यात, माज्याच पायाचा गुन हाय!” बापाला समजावायचं सोडून त्याने बोकडाचा फोटो मागून घेतला.

आता माझं अडलंय कुठे, ते सांगते. निबंधाबद्दल मी नियतकालिकाला स्वतःहून कळवलं आहे. भिंत ठेंगणी आहे हा माझा दावा मी मागे घेतला; ते करताना जीभ चावावी लागली, पण केलं. राहिल्या पेशी. त्या संस्थेतल्या शांत बाई म्हणाल्या, “मॅडम, मेंढी तर मेंढी. देवीच्या लसीला न थकणाऱ्या मेंढीच्या पेशींची फार गरज आहे. शेळीच्या असत्या त्यापेक्षा या जास्त उपयोगी.” मी फोन ठेवून पुन्हा दोन खोल्यांत नाचले. पण बाईंची एक अट आहे. मूळ लागतं. जनावर कुठल्या गावचं, कुणाच्या कळपातलं, कुठल्या जातीचं, किती वयाचं, आजारी तर नव्हतं ना, आणि ज्याने दिलं त्याची सही. मूळ नसलेला वाण ते ठेवत नाहीत. महिनाअखेरपर्यंत फॉर्म गेला नाही तर पाठवलेल्या कुप्या नष्ट करतील. त्यानंतर माझ्या पेशी माझ्या गळक्या नळाशेजारच्या टाकीत असतील, आणि मी रिटायर झाले की टाकी कुणीतरी भंगारात देईल.

फॉर्म घेऊन मी तीनदा वस्तीवर गेले. मामा सही करत नाहीत. कारण मला कळतं. सही केली की बोकड अमर नाही हे कागदावर येणार. नारळ थोरल्या घराकडे परत जाणार. थोरले मामा, ज्यांचे गुर्दे मी हिसकावले, ते सगळ्या जत्रेसमोर आमच्या मामांना विचारणार की बाबा, आमी त्या दिवशी काय खाल्लं? मागच्या खेपेला मामा मला म्हणाले, “पेशीचं नाव बोकडच ठिव. मग सांगतो.” मी म्हटलं, मेंढीला बोकड म्हणून मी बारा वर्षं हसं करून घेतलं, आता जाणूनबुजून करू? ते म्हणाले, “मग बस.” सौदा तिथेच तुटला. मी आयुष्यात पहिल्यांदा दारातून मागे वळून भाव वाढवला. म्हटलं, मामा, माइकवरून मी एक शब्द बोलणार नाही. फॉर्म इंग्रजीत आहे, गावात कुणी वाचणार नाही. मामा म्हणाले, “तुजा तरी काय भरवसा? तू आमच्या भैनीची लेक. तोंड मंडईचं.”

त्यांचं बरोबर होतं. बघा, मी हे सगळं मराठीत लिहून बसले आहे.

तर मामा, आता झाकायला काही उरलेलं नाही. देवाचं देव बघून घेईल, थोरल्या मामांचं तुम्ही दोघं भाऊ बघून घ्या. माझं मला द्या. त्या पहाटे टेंपोतून जे मेंढरू उतरलं ते कुठल्या गावचं? कुणाच्या कळपातलं? कुठल्या जातीचं, वयाने किती दातांचं, आजारी तर नव्हतं ना? पाच रकाने आहेत. मी ते शिसपेनने आखून, तुमच्या नावापुढे फुली मारून, फॉर्म मामीजवळ ठेवून आले आहे. पेन बरोबर ठेवलाय. महिनाअखेरीला अकरा दिवस आहेत आणि मी साताऱ्यात फोन हातात घेऊन बसले आहे. फसवलंत तुम्ही. उत्तरही तुम्हीच द्यायचं.